बिऱ्हाडकरूंना वाली कोण?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. आजची मुंबई त्यांनी पाहिली असती तर या म्हणीला त्यांनी तिसरा चरण खचित जोडला असता : बिऱ्हाड पाहावे शोधून!

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत, सामाईक नळावर आणि सामाईक संडासाच्या रांगेत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना पाचशे चौरस फुटांचे घर मालकी हक्काने आणि मोफत मिळाले. त्यांच्या आनंदात आम्ही मनापासून सहभागी आहोत. ज्यांनी या शहराच्या गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या चालविल्या, त्यांच्या नातवंडांना पाय पसरण्याइतकी जागा मिळाली म्हणून कोणी नाक मुरडील, तर तो कोत्या मनाचा म्हटला पाहिजे.

परंतु या समारंभाच्या झगमगाटात एका साध्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शतकभर ज्या खोल्या सरकारच्या मालकीच्या आणि कष्टकऱ्यांच्या भाड्याच्या होत्या, त्यांची संख्या तितक्याने कमी झाली. राहणारे मालक झाले, हे उत्तमच झाले. पण उद्या सातारा-रत्नागिरीहून, लातूर-नांदेडहून किंवा बिहारमधून जो तरुण पोटासाठी दादरच्या स्थानकावर उतरेल, त्याच्या आवाक्यातली भाड्याची खोली त्या जागी आता असणार नाही. जुन्या भाडेकरूची सोय झाली. नव्या भाडेकरूची वाट बुजली. गेल्या पाऊणशे वर्षांतील आमच्या गृहनिर्माण नीतीचे सारे मर्म या एका वाक्यात आले आहे, आणि म्हणूनच या विषयाचा स्वच्छ विचार करण्याची वेळ आली आहे.

या चाळी उभ्या कशा राहिल्या, हे प्रथम आठवावे. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाणादाण उडविली आणि कोंदट वस्त्यांची किंमत सगळ्या शहराला मोजावी लागते, हे इंग्रज सरकारला कळून चुकले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्या चाळी उठल्या. पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी व सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. भाडे कामगारांना न परवडल्यामुळे आरंभीची काही वर्षे त्यांतील कित्येक ओसही पडल्या होत्या. लॉइडसाहेबांना आम्ही संत ठरवू इच्छीत नाही. तथापि त्या सिमेंटच्या ठोकळ्यांमागे एक तत्त्व होते : जे शहर कष्टकऱ्यांच्या श्रमावर जगते, त्या शहराने त्यांच्या डोक्यावरच्या छपराची जबाबदारी उचलली पाहिजे. त्या काळच्या सार्वजनिक चाळींनी केवळ मजूरच सांभाळले असे नव्हे. परळच्या पोयबावाडीतील ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड सुमारे दोन दशके होते. भाड्याची खोली माणसाला छोटे करीत नाही, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मग भाड्याच्या घराला उतरती कळा लागली कशी? याचे पहिले उत्तर भाडे नियंत्रणाच्या कायद्यात सापडते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाड्यावर प्रथम बंधन आले. पुढे १९३९ साली आणि अखेर १९४७ साली सर्वंकष कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच प्रमाण भाडे म्हणून गोठविण्यात आले. युद्ध नुकतेच संपलेले, फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे शहरात आलेले; अशा वेळी घरमालकांच्या हावेला लगाम घालणे अगदी न्याय्य होते. हा कायदा नसता तर गिरगाव, दादर, लालबाग येथील मराठी मध्यमवर्ग आणि कामगारवर्ग तेव्हाच उखडला गेला असता, हे आम्ही विसरलेलो नाही. दुर्दैव एवढेच की, आणीबाणीसाठी काढलेले औषध पुढे रोजचे अन्न झाले.

या कायद्यात मूळचाच एक दोष होता. त्याने गरज पाहिली नाही, ताबा पाहिला. खोलीत राहणारा विधवा शिवणकाम करणारी आहे की चार दुकानांचा धनी, हे त्याने कधी विचारले नाही. ज्याचा ताबा त्याला संरक्षण! त्याचप्रमाणे मालक गडगंज आहे की एकाच जुन्या वाड्यावर पोट भरणारा, हेही कायद्याने पाहिले नाही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. भाड्यासाठी घर बांधणे हा एके काळी मुंबईत सरळ व्यवसाय होता, तो बसला. मालकांनी दुरुस्ती सोडली. भाडेकरू बदलताना पागडीचा काळा व्यवहार सुरू झाला आणि ज्याच्यापाशी रोकड त्यालाच खोली, असा शिरस्ता पडला. १९६३ साली मालकी हक्काच्या फ्लॅटांसाठी वेगळा कायदा करावा लागला, यावरूनच वारे कोणत्या दिशेने वाहू लागले होते ते दिसते.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने, चाळीसच्या दशकात गोठविलेले भाडे काळाच्या ओघात अन्यायकारक झाले आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. हिशेब करून पाहा. दोनशे रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे आठ रुपये. तेवढ्या पैशात शंभर वर्षांच्या इमारतीच्या तुळया बदलता येतील, असे कोणता गवंडी म्हणेल? त्याच कायद्याने बँका आणि एक कोट रुपयांहून अधिक भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले. बड्यांना संरक्षणाची गरज नाही, हे तत्त्व येथे मान्य झाले. मात्र व्यक्तींच्या बाबतीत गरज पाहण्याचे धैर्य कायदेमंडळाला झाले नाही.

या अनास्थेचा हिशेब पैशांत मांडून भागत नाही. दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा करून स्वतंत्र मंडळ नेमावे लागले आणि सुमारे साडेएकोणीस हजार जुन्या इमारती उपकराच्या कक्षेत आल्या. तरीही २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडीबाजाराजवळची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे दगावली, आणि दोन वर्षांनी डोंगरीत तीच शोकांतिका पुन्हा घडली. अशा जुन्या इमारतींच्या संपादनावरून मालकांनी १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या प्रकरणातील घटनात्मक मुद्द्याचा निर्णय नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडून लागावयास २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. तीस वर्षांत न्यायालयाच्या पायऱ्या झिजतात, तशा इमारतीच्या पायऱ्याही झिजतात, याचे भान आम्हांस राहिले नाही.

दुसरा आघात आला तो 'लीव्ह अँड लायसन्स'च्या वाटेने. भाडेकरू नको म्हणून मालक 'परवानाधारक' ठेवू लागले होते. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे परवानाधारक जागेत होते, त्यांना संरक्षित भाडेकरूंचा दर्जा मिळाला. त्यावेळच्या हजारो कुटुंबांना दिलासा मिळाला, हे खरे. पण मालकवर्गाने घेतलेला धडा आजतागायत पुसला गेलेला नाही. आपले घर एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की ते परत येईलच याची शाश्वती नाही, ही धास्ती तेव्हापासून मुंबईकराच्या मनात घर करून बसली आहे. त्या धास्तीचे अपत्य म्हणजे अकरा महिन्यांचा करार. वर्षातून एकदा दलाली, वर्षातून एकदा नवी अनामत आणि वर्षातून एकदा टेम्पो, हे आज या शहरातील लक्षावधी सुशिक्षित कुटुंबांचे जीवन झाले आहे.

आम्ही शिक्षक असतानाची एक आठवण या ठिकाणी सांगितल्यावाचून राहवत नाही. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात तल्लख, अक्षर मोत्यासारखे. ऐन सहामाहीच्या तोंडावर वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. 'घराची मुदत संपली, आता डोंबिवलीला जागा पाहिली आहे,' असे ते गृहस्थ खाली मान घालून म्हणाले. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. त्यात आम्ही 'स्थलांतर' असा शब्द लिहिला. हजेरीपत्रकावरील तिच्या नावावर रेघ मारताना लक्षात आले की, तीन वर्षांतली तिची ही तिसरी शाळा होती. दुष्काळ नाही, दंगल नाही, वडिलांची नोकरीही शाबूत. केवळ कागदावरचे अकरा महिने भरले म्हणून एका मुलीचे शिक्षण उचलून दुसरीकडे ठेवले गेले. अशी किती नावे राज्यातील हजेरीपत्रकांवरून दरसाल पुसली जातात, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

आणि जागा मिळावयाची तीही नाव, जात, धर्म आणि ताटात काय वाढले जाते ते विचारून! एकट्या स्त्रीला जागा नाकारणारे, आडनाव ऐकताच 'खोली कालच गेली' असे सांगणारे लोक आपल्याच सुसंस्कृत सोसायट्यांत राहतात, हे कबूल करताना आम्हांस संकोच वाटतो. पण कबूल केले पाहिजे.

तिसरा आणि सर्वांत दूरगामी आघात सरकारनेच केला : घरमालक या भूमिकेतून त्याने हळूहळू अंग काढून घेतले. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने वसाहती बांधल्या, त्यांतील पुष्कळ गाळे भाड्याचे होते. कालांतराने ते राहणाऱ्यांच्या संस्थांकडे मालकीने गेले. गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक घरांसाठी राखण्याचा १९९१ चा नियम २००१ मध्ये असा काही बदलला गेला की, मोकळ्या जमिनीपुरताच तो उरला. घरांच्या वाट्याला मूठभर जमीन आली. १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली, तीही मोफत मालकीच्या घरांची. २००८ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची मोठी योजना जाहीर केली. घराचे आकारमान पुन्हा एकशेसाठ चौरस फूट, म्हणजे लॉइडसाहेबांच्या खोलीइतकेच! पण तीही थोड्याच वर्षांत विक्रीच्या परवडणाऱ्या घरांकडे वळली, आणि बांधलेल्या घरांपैकी काही सोडतीने मालकीची झाली. भिजत घोंगडे पडले ते भाड्याच्या घराचेच.

केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीतील दोन आकडे या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. भारताच्या शहरांत १९६१ साली १०० पैकी ५४ घरे भाड्याची होती. २०११ साली ती २८ वर आली. आणि त्याच २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी, कुलूपबंद होती. त्याच वेळी या शहराची सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. घरे नाहीत म्हणून माणसे उघड्यावर आहेत, ही आमची समजूत अर्धीच खरी आहे. घरे आहेत, पण ती राहण्यासाठी नाहीत. ती ठेव म्हणून आहेत. येथे आम्ही आमच्या वाचकांनाही एक प्रश्न विचारण्याचे धाडस करतो. आपल्यापैकी कितीजणांच्या कपाटात दुसऱ्या फ्लॅटची किल्ली पडून आहे? 'भाडेकरू नको, कटकट नको' असे म्हणून आपण जे दार बंद ठेवतो, त्याच्या बाहेर कोणाचे तरी मूल उभे आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. सरकार हा वाईट घरमालक असतो, असे एक म्हणणे आहे. भाडी थकतात, दुरुस्ती होत नाही, संक्रमण शिबिरांत घुसखोर शिरतात. हे सारे खरे आहे. परंतु घुसखोर शिरतो का, याचा विचार कोणी करीत नाही. आज ताबा मिळविला की उद्या तो नियमित होईल आणि परवा मालकी मिळेल, हे त्याने पाऊणशे वर्षांच्या अनुभवाने ओळखले आहे. प्रत्येक सवलतीचा शेवट मालकीत होणार असेल, तर प्रत्येक सार्वजनिक खोलीवर झडप पडणारच. सार्वजनिक घर कोणत्याही परिस्थितीत विकले जाणार नाही, असे एकदा ठरले आणि पाळले गेले, म्हणजे घुसखोरीतला निम्मा लोभ आपोआप सरेल.

दुसरे म्हणणे असे की, माणसाला स्वतःचेच घर हवे असते. २०२५ च्या मे महिन्यात राज्य सरकारने संमत केलेल्या गृहनिर्माण धोरणाचे ब्रीदही 'माझे घर, माझा अधिकार' असेच आहे. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट त्यात आहे. नोकरदार स्त्रिया, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्या निवाऱ्याचा विचारही त्यात केला आहे, याचे आम्ही स्वागत करतो. पण माणसाला मालकीची ओढ लागते ती बहुतांशी अस्थैर्याच्या भयाने. ज्या काळात चाळीतल्या खोलीतून कोणी हुसकावून लावणार नाही अशी खात्री होती, त्या काळात खोली भाड्याची आहे म्हणून कोणाची झोप उडत नव्हती. लोकांना स्थैर्य हवे आहे. ते भाड्याच्या घरात देता येते, हे व्हिएन्ना शहराने दाखवून दिले आहे. १९२३ साली घरांवर खास कर बसवून त्या नगरपालिकेने दहा-अकरा वर्षांत साठ हजारांवर घरे बांधली. ती विकली नाहीत. आज त्या शहरापाशी स्वतःची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत. उलट इंग्लंडने १९८० पासून नगरपालिकांची घरे भाडेकरूंना स्वस्तात विकली. एका पिढीचे कल्याण झाले, पुढची पिढी भाड्याच्या भारी ओझ्याखाली आली. स्कॉटलंडने २०१६ साली आणि वेल्सने २०१९ साली ही विक्री थांबविली. आपण नेमके इंग्लंडच्याच वाटेने निघालो आहोत. फरक एवढाच की, त्यांनी घरे सवलतीत विकली, आपण ती फुकट देतो.

मग सार्वजनिक घरातील भाडेकरूचा हक्क जन्मभराचा असावा की मुदतीचा? परदेशांत आज वाद आहे तो हाच. इंग्लंडने २०११ च्या कायद्याने मुदतीची भाडेपट्टी आणली : मुदत संपताच उत्पन्न तपासावे, बरे दिवस आले असल्यास घर सोडावयास लावावे. व्हिएन्नात प्रवेशाच्या वेळी उत्पन्न पाहतात, नंतर विचारीत नाहीत. आमचे मत असे की, माणसाची पगारवाढ झाली म्हणून त्याच्या मुलांची शाळा सोडविणे हा न्याय नव्हे. उत्पन्न वाढेल तसे भाडे वाढावे, घर मात्र राहावे. त्याचबरोबर कुटुंबाची गरज सरली आणि घर मोकळे झाले की ते सार्वजनिक यादीवरील पुढच्या माणसाकडे जावे. वारसाहक्काने पुतण्याकडे किंवा पागडीने दलालाकडे नव्हे.

या विवेचनातून जे निष्पन्न होते, ते आम्ही थोडक्यात मांडतो. सरकारी व पालिकेच्या जमिनीवर यापुढे होणाऱ्या प्रत्येक पुनर्विकासात, जुन्या रहिवाशांना त्यांची घरे दिल्यानंतर जे विक्रीसाठी उरते, त्याचा निदान पाचवा हिस्सा कायम भाड्याच्या सार्वजनिक घरांसाठी राखून ठेवावा, आणि तो विकण्याची बंदी कायद्यातच घालावी. जुन्या पागडीच्या इमारतींत भाडे टप्प्याटप्प्याने वाढू द्यावे. जो भाडेकरू खरोखर गरीब आहे, त्याच्या वाढीव भाड्याचा भार सरकारने सोसावा. दयेचे ओझे एकट्या मालकाच्या शिरावर टाकून सरकारने पुण्य घेऊ नये. खाजगी करारांना किमान तीन वर्षांची मुदत असावी आणि अनामत रकमेवर मर्यादा यावी. केंद्राने २०२१ साली तयार केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याने ही अनामत राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी ठरविली आहे, आणि भाड्याचे तंटे साठ दिवसांत मिटविणारी न्यायालये सुचविली आहेत. मालकाला घर वेळेवर परत मिळेल ही हमी आणि भाडेकरूला मुदतीत कोणी हात लावणार नाही ही हमी, या दोन्ही एकाच वेळी दिल्या तरच कुलपे निघतील. एकाला दिली आणि दुसऱ्याला नाकारली, तर पुन्हा १९४७ किंवा १९७३ चेच चक्र सुरू होईल.

यात निवडणुका जिंकून देणारे काही नाही, हे आम्ही जाणतो. फुकट घराची किल्ली हातात देताना छायाचित्र निघते. भाड्याची पावती देताना निघत नाही. शिवाय जो भाडेकरू अद्याप या शहरात आलेलाच नाही, त्याचे मतही येथे नसते. परंतु ज्याचे मत नाही त्याचाही विचार करणे, यालाच राज्यकारभार म्हणतात. वरळीच्या नव्या मनोऱ्यांतील कुटुंबे सुखाने नांदोत. त्यांच्या आजोबांना १९२०-३० च्या दशकात या शहराने एक खोली भाड्याने दिली, म्हणून आज त्यांना हे घर मिळाले. ती पहिली खोली देण्याचे औदार्य परक्या राजवटीने दाखविले. स्वतःच्या राज्यात आपण ते दाखविणार नसू, तर शाळेच्या दाखल्यावर 'स्थलांतर' हा शब्द लिहिण्याची पाळी पुढच्या शिक्षकांवरही येत राहील.